वीस बाय दहाची माफी

महापालिकेची निवडणूक इतकी वर्षं लांबली होती, की ती एकदाची लागली तेव्हा गावठाणातल्या रिकामटेकड्या पोरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. काल-परवापर्यंत कमानीच्या चौकात टपरीला टेकून उभी राहणारी ही मंडळी बघता बघता ‘टीम’ झाली. कुणी सोशल मीडिया प्रमुख झाला, कुणी युवा संपर्कप्रमुख. ज्याला घरात कुणी भाजी आणायलाही पाठवत नव्हतं, तो फोनवर जनतेचा कौल सांगू लागला. या सगळ्यांचा म्होरक्या होता रणजीत, उमेदवार भिमाजीआण्णांचा थोरला मुलगा. आणि याच रणजीतशी दिव्याचा साखरपुडा झाला होता.

दिव्या चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होती. गाड्यांचे सुटे भाग तपासायचे, बरे असतील ते पुढे सोडायचे, बिघडलेले असतील त्यांना लाल टॅग लावून बाजूला टाकायचे, हे तिचं काम. हाताला लागलेली ही सवय डोक्यातही शिरली होती. भेटेल त्या माणसाला ती मनातल्या मनात टॅग लावून मोकळी होई, आणि निवडणुकीच्या दिवसांत तिच्याकडचे लाल टॅग पुरेनासे झाले होते.

रणजीतला तिनं होकार दिला तेव्हा तो बरा वाटला होता. दिसायला नेटका, गाडी हळू चालवायचा, आणि समोरचा बोलत असताना फोन खिशात ठेवायचा. आता फोन खिशात जात नव्हता. लग्नाची तारीख निवडणुकीनंतर धरायची ठरली होती, कारण पत्रिका मतदानाआधी वाटल्या तर फायदा की नंतर, याचा आण्णांना काही केल्या अंदाज येत नव्हता. दिव्याचे वडील उद्धवराव देहूकडचे, इथे येऊन हार्डवेअरचं दुकान टाकलेले. त्यांना या सोयरिकीचा अभिमान होता. गिऱ्हाइकाला खिळे मोजून देतानाही ते व्याह्यांचा विषय काढत.

प्रचार सुरू झाला आणि चौकातल्या कमानीच्या डाव्या अंगाला आण्णांचा भलामोठा फ्लेक्स लागला. वर आण्णा, हात जोडलेले. त्यांच्या बाजूला जरा लहान रणजीत, तोही हात जोडलेला. आणि खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून बिल्ल्याएवढ्या चेहऱ्यांची रांग. त्या रांगेच्या टोकाला दिव्या होती. साखरपुड्याच्या पैठणीत, हात जोडून हसणारी, खाली ‘भावी सूनबाई’. तिला कुणी विचारलंही नव्हतं. ती संध्याकाळभर चिडली, रणजीतला फोनवर चांगलं सुनावलं. तो म्हणाला, “अगं, घरच्या माणसाला कोण इचारतं?” हेही खरंच म्हणायचं, की पुढच्या दोन-तीन दिवसांत बसची वाट बघताना तिनं त्या फोटोकडे वर मान करून पाहिलं, आणि पैठणीचा रंग छान आलाय असं तिला वाटलं.

कंपनीची बस याच कमानीखाली थांबायची. दिव्या आणि पिंकी तिथेच चढायच्या, दारापासून तिसऱ्या सीटवर दोघी शेजारी बसायच्या. पिंकी परभणीकडची, मशीनवर ट्रेनी, कमानीमागे खोली घेऊन राहायची. तिला कायम करायचं की नाही ते लवकरच ठरणार होतं. ‘कायम झालं की बाबांना सांगणार, लग्नाचं दोन वर्षं बोलू नका,’ असं तिचं ठरलेलं होतं. पिंकीला राजकारणात काडीचा रस नव्हता. तिचं मतदारयादीतलं नाव गावाकडे होतं. पण तिच्या खोलीच्या टाकीत दिवसाआड येणारं पाणी दिवसाआडही येईना, म्हणून आण्णांच्या फेसबुक लाइव्हखाली तिनं लिहिलं, “आमच्याकडं चार दिवस झाले पाणी नाही. कधी येईल ते सांगता का?” एवढ्या मोठ्या धुरळ्यात राजकीय मत म्हणावं असं ते एकच होतं. बाकी सगळा वेळ दोन्हीकडची पोरं एकमेकांच्या आईबापांचा उद्धार करत होती.

आण्णांनी लाइव्हमध्ये तो प्रश्न वाचला आणि ते अडखळले. एवढंच झालं. अर्धं मिनिट अडखळले, घसा खाकरला, आणि विकासावर गेले. विरोधकांनी त्या अर्ध्या मिनिटाची चित्रफीत करून सगळीकडे फिरवली. मग आण्णांच्या टीमला पिंकीचा बंदोबस्त करणं भाग पडलं. म्हणजे पाणी सोडलं असं नव्हे. पाणी सोडणं सोपं होतं, ते कुणालाही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॅंटीनमध्ये कुणीतरी दिव्याला फोन दाखवला. पिंकीचा फोटो होता. मान मागे टाकून ती बाटलीनं पाणी पीत होती, डोळे मिटलेले, हसू फुटायच्या बेतात. बाटलीच्या जागी दारूची बाटली चिकटवलेली होती. वर लिहिलं होतं, “हिला पाणी कशाला पाहिजे? ताईंची सोय वेगळी आहे!” खाली शेकड्यांनी हसरे चेहरे. कुणी विचारलं होतं, “रेट काय?” कुणी लिहिलं होतं, “इथं मत नाही आणि आमच्या आण्णांना प्रश्न विचारते.” दिव्यानं ते वाचलं, आणि पुन्हा वर फोटोकडे पाहिलं. फोटोच्या कडेला एक कोपर दिसत होतं आणि हिरव्या बांगड्या. ते कोपर तिचं स्वतःचं होतं.

खंडेनवमीचा फोटो होता तो. त्या दिवशी कंपनीत मशीनची पूजा होते, मुली साड्या नेसून येतात, आणि वर्षातून एकदाच मशीनपाशी फोन न्यायला परवानगी मिळते. पण मशीनचे फोटो बाहेर जाता कामा नयेत म्हणून सुपरवायझरनं संध्याकाळी सगळ्यांना फोटो पुसायला लावले होते. दिव्यानंही पुसले. त्याआधी एक फोटो तेवढा तिनं एकाच माणसाला पाठवला होता. “ही माझी पिंकी, आणि हा माझा हात” असं खाली लिहून. तो माणूस कोण, हे सांगायला नको.

त्यानंतरचे दिवस पिंकीचे कसे गेले ते दिव्यानं बसमध्ये शेजारी बसून पाहिलं. पिंकी तोंडाला स्कार्फ गुंडाळून येऊ लागली, फक्त डोळे उघडे. मांडीवर फोन आणि अंगठा सतत खाली-वर. ती एकेक शेरा वाचत होती, वाचलेला पुन्हा वाचत होती. कुणी नवं काय लिहिलं ते बघायला मशीन थांबवून बाहेर लॉकरमधल्या फोनकडे जात होती. डब्यातली पोळी तशीच परत नेत होती. दोनदा तिच्या हातून माप चुकलं आणि सगळा ट्रे लाल टॅगचा झाला. टॅग लावायचं काम दिव्याचं होतं, ते तिनं केलं. फोटो कुठून गेला, हे सांगायचं काम मात्र तिनं केलं नाही. मग एक दिवस पिंकी आलीच नाही, आणि नंतर येईनाशी झाली.

रविवारी दिव्या तिच्या खोलीवर गेली. पिंकी भिंतीकडे तोंड करून पडली होती. फोन दिसत नव्हता.

“बंद करून ठेवलास ना? बरं केलंस,” दिव्या म्हणाली.

“तांदळाच्या डब्यात ठेवलाय,” पिंकी म्हणाली. “पण बंद केला की लई वाईट वाटतंय. चालू असला की काय म्हणायलेत ते कळतं तरी. बंद केला की वाटतं, सगळं गावच बोलायलंय.”

“जेवलीस का?”

“सुपरवायझरचा फोन आला होता. पुढच्या सोमवारपर्यंत आली नाहीस तर नाव काढतो म्हणले.” ती उठून बसली. “बाबा येणारेत, निकालाच्या दिवशी. मला न्यायला. तब्येत बरी नाय एवढंच सांगितलंय त्यांना. गावाकडं कुणी पाह्यलं असंल का गं ते? माझ्या चुलतभावाच्या फोनवर आलं असंल का?”

दिव्या म्हणाली, “नाही गं, तिकडे कशाला जाईल?” आणि तिला ठाऊक होतं की तिकडेही गेलं असणार. नांगर टाकून पोरं हेच तर बघत बसतात. परभणीला परत गेली तर पिंकीचं काय होईल, हेही तिला स्पष्ट दिसत होतं. महिन्याच्या आत कुणाच्या तरी गळ्यात बांधतील, आणि बारावीनंतर ह्या पोरीनं एकटीनं जे जे उभं केलं ते सगळं एका टवाळ पोराच्या अंगठ्यानं पुसलं जाईल.

तिथून ती तडक प्रचार कार्यालयात गेली. आण्णांच्याच एका गाळ्यात ते थाटलं होतं. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर टीम बसली होती, प्रत्येकाच्या हातात दोन-दोन फोन, समोर वडापावचे कागद. एका फोनवरून आण्णांची स्तुती चालली होती. दुसऱ्या फोनवर बायकांच्या नावाची खोटी खाती होती, त्यांवरून विरोधकांना शिव्या. एक पोरगा तर स्वतःच स्वतःच्या पोस्टवर भांडत होता, कारण भांडण असलं की पोस्ट जास्त पसरते. डोळे तांबारलेले, माना वाकलेल्या, झोपेचा पत्ता नाही. एकालाही विचारलं असतं की तुझे आण्णा नेमकं काय करणार आहेत, तर त्यानं रणजीतकडे पाहिलं असतं.

“पिंकीचा फोटो तू दिलास,” दिव्या रणजीतला बाजूला घेऊन म्हणाली.

“कोण पिंकी?”

त्यानं नाटक केलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. पण त्याला खरोखरच आठवत नव्हतं. तिनं आठवण करून दिली तेव्हा तो कपाळाला हात लावून हसला. “आयला, ती पाणीवाली? ती तुझी मैत्रीण व्हय? मला काय म्हाईत! पोरांनी फेसबुकवरनं नाव काढलं, तिथला फोटो बारका व्हता, मोठा शोधत व्हती, मी म्हणलं हा चेहरा कुठंतरी पाह्यलाय. माझ्याच फोनमधी निघाला. लय चाललं बघ ते.”

“ती आठवडाभर अंथरुणाला खिळली आहे, रणजीत. नोकरी जाईल तिची.”

“लोड नको घेऊ गं. इलेक्शनपुरतं असतंय. आमच्या आण्णांवर काय कमी बोलत्यात? आमी घेतो का मनावर?”

“काढून टाक. आणि माफी माग तिची. उघड माग, उघड केलंस तसं.”

“आत्ता माफी?” तो खरंच चकित झाला. “मतदान चार दिवसांवर हाय. माफी मागितली तर दिसंल कसं? तू पण ना.” आणि त्यानं तिच्या खांद्यावर हलकेच थोपटलं, तापातल्या पोराला थोपटावं तसं. तेवढ्यात कुणीतरी “भाऊ, हे बघा” म्हणून फोन पुढे केला आणि तो वळला. दिव्या बाहेर आली. तिच्या मनात जो लाल टॅग होता तो आता इतका मोठा झाला होता, की चौकात टांगावा.

आणि तिथेच तिच्या डोक्यात ते आलं.

कमानीजवळ प्रज्वलचं फ्लेक्सचं दुकान होतं. गावठाणातले वाढदिवस, बारशी, दहावे, सगळं त्याच्याच मशीनमधून बाहेर पडे. प्रज्वल कानात गाणी लावून काम करायचा आणि मजकूर कधी वाचायचा नाही. मजकुराला तो ‘मॅटर’ म्हणे. व्हॉट्सॲपवर मॅटर आलं की उचलायचं, ठरलेल्या साच्यात चिकटवायचं, छापायचं. मागे एकदा त्यानं कुणाच्या तरी दहाव्याच्या फ्लेक्सवर ‘हार्दिक अभिनंदन’ छापलं होतं, आणि ते दहाव्यापर्यंत टांगलेलं राहिलं तरी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. निकालाच्या आदल्या दिवशी दिव्या तिथे गेली तेव्हा तर त्याच्याकडे दोन्ही बाजूंच्या विजयाचे फ्लेक्स छापून तयार होते. एक गठ्ठा हरणार हे त्याला ठाऊक होतं, पण बिल दोन्हींचं होणार होतं.

“वहिनी, तुम्ही कशाला आलात, भाऊंनी सांगितलं असतं,” तो म्हणाला.

“भाऊंना वेळ नाही. विजयाच्या फ्लेक्सबरोबर हा एक जाऊ दे. वीस बाय दहा, चौकात, मधोमध. मॅटर पाठवलंय.”

प्रज्वलनं मॅटर उचललं, साच्यात टाकलं. रणजीतचा हात जोडलेला फोटो आपोआप आला, खाली शुभेच्छुकांची रांग आपोआप आली. “मॅटर मोठंय,” पडद्याकडे बघत तो म्हणाला. “एक फोटो उडवावा लागंल. तुमचा ठेवू ना?”

पिंकीचा फोटो दिव्याच्याच फोनमधून गेला होता. त्या रांगेत उभं राहायचं धाडस आपल्यात आहे, असं तिला वाटलं, आणि ते वाटणं तिला आवडलं. “ठेव,” ती म्हणाली.

“बिल कुणाच्या नावावर?”

“भाऊंच्याच.”

निकाल दुपारी लागला. आण्णा निवडून आले. का आले, ते विचारायचं नसतं. चौक गुलालानं भरला, डीजेच्या गाडीनं रस्ता अडवला, आणि टीमची पोरं प्रज्वलच्या दुकानातून गुंडाळ्या आणून दणादण टांगत सुटली. एकानं शिडी धरली, एकानं दोरी ओढली, रणजीतभाऊचा चेहरा दिसला की “मधोमध घे, मधोमध!” म्हणून ओरडली. सगळ्यात मोठा फ्लेक्स त्यांनी कमानीच्या बरोब्बर मध्यावर लावला, त्याला झेंडूचा हार घातला, आणि खाली फटाक्यांची माळ पेटवली. त्यावर काय लिहिलंय हे वाचायला कुणाला वेळ होता? त्याच्याखाली उभं राहून पोरं सेल्फी काढत होती. दिव्या होणाऱ्या सासूबरोबर ओवाळणीचं ताट घेऊन कमानीशी उभी होती आणि मनात म्हणत होती, छापलेलंही वाचता येत नाही आणि म्हणे जनमत घडवतात.

पिंकीचे वडील ज्ञानदेव त्याच वेळी लेकीला घेऊन निघाले होते. रस्ता बंद, रिक्षा मिळेना, म्हणून दोघं चालत कमानीपर्यंत आली आणि गर्दीत अडकली. धोतर, टोपी, एका हातात लेकीची बॅग. पिंकी स्कार्फ गुंडाळून त्यांच्या पाठीमागे लपली होती. आण्णांना भाषण करायचं होतं म्हणून डीजे बंद झाला. आण्णांनी माईक हातात घेतला, माईक चालेना, दोन पोरं वायरीशी खटपट करू लागली. त्या शांततेत ज्ञानदेवांनी वर पाहिलं. त्यांना दिसेल ते मोठ्यानं वाचायची सवय होती. उशिरा वाचायला शिकलेल्या पुष्कळ माणसांना असते.

“जाहीर माफी,” त्यांनी सुरुवात केली. “पिंकीताई... आपण पाण्याचा प्रश्न विचारला... म्हणून आम्ही आपल्या फोटोची घाणेरडी थट्टा केली. उत्तर नव्हतं म्हणून बदनामी केली. आमची चूक झाली. आम्ही आपली माफी मागतो. आपला, रणजीतभाऊ... आणि समस्त मित्रपरिवार.” ते थांबले. लेकीकडे वळले. “पिंके, ही तूच का गं? काय लिहायलेत हे?”

आता मात्र चौकातल्या माना एकेक करून वर गेल्या. शिडी धरलेला पोरगा शिडीसकट वर बघत राहिला. रांगेतले चेहरे रांगेखाली उभे होते, आणि स्वतःचं नाव वाचत होते. रणजीतनं वाचलं. त्यानं दिव्याकडे पाहिलं. गुलालाखालीही त्याचा रंग उडालेला तिला दिसला, आणि तिच्या हातातलं ताट अगदी स्थिर राहिलं. आयुष्यात इतकं गोड काही तिनं चाखलं नव्हतं.

“रणजीतभाऊ कोण हायेत?” ज्ञानदेवांनी विचारलं. पोरांनी बोटं दाखवली. म्हातारा गर्दीतून वाट काढत त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. आता एक ठेवून देणार, असं सगळ्यांना वाटलं. दिव्याला तर तशी आशाच होती. ज्ञानदेवांनी बॅग खाली ठेवली आणि हात जोडले.

“पोराच्या हातनं चूक होती, साहेब,” ते म्हणाले. “पण एवढ्या मोठ्या अक्षरात कबूल करणारा माणूस म्या पाह्यला नाय. तुमचे उपकार झाले.”

तोपर्यंत तीसेक फोन वर झाले होते. रणजीतनं ते पाहिलं. दिव्या आयुष्यभर विसरणार नाही असं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर घडलं. भीती गेली, हिशेब आला, आणि हिशेबामागून डोळ्यांत पाणी आलं. तो वाकला आणि म्हाताऱ्याच्या पाया पडला. “काका, चुकलो. ताई, मला भाऊ समजून माफ करा.” टाळ्या पडल्या. आण्णांनी स्वतःच्या गळ्यातला एक हार काढून ज्ञानदेवांच्या गळ्यात घातला. माईक चालू झाला. कुणीतरी पिंकीला पुढे ढकललं आणि म्हणालं, “ताई, स्कार्फ काढा की जरा, व्हिडिओत चेहरा येईना.”

पिंकीनं स्कार्फ काढला. फोनच्या त्या रानात ती उभी राहिली, कुणाकडेच न बघता.

संध्याकाळी रणजीतचा दिव्याला फोन आला तेव्हा तो रागावलेला नव्हता. तो खुशीत होता.

“काय डोकं हाय गं तुझं! आधी सांगितलं असतं तर कॅमेरा नीट लावला असता. ‘मोठ्या मनाचा युवानेता’ म्हणून फिरतंय. विरोधकांच्या पोरांनी पण शेअर केलंय, म्हणजे बघ. लग्नानंतर आपलं सगळं सोशल मीडिया तूच बघायचं.”

“लग्न होणार नाही, रणजीत.”

“बरं बरं, दमलीस तू. उद्या बोलू,” तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. त्याला दुसरे फोन येत होते.

दिव्यानं अंगठी काढून आईपुढे ठेवली. सुभद्राबाई आधी रडल्या, मग त्यांनी कारण विचारलं. उद्धवरावांनी तो व्हिडिओ पुन्हा लावला आणि म्हणाले, “अगं, पाया पडलाय की तो. आणखी काय पाहिजे?” दिव्या उठून आत गेली. बापालाही टॅग लावायची वेळ आली, याचं तिला वाईट वाटलं. तरी त्या दिवशी तिला शांत झोप लागली. एक काम तिनं चोख केलं होतं.

सकाळी ती कमानीखाली आली तेव्हा पिंकी तिथे उभी होती. कंपनीच्या गणवेशात, डबा घेऊन, तोंड उघडं. दिव्या धावतच तिच्याजवळ गेली.

“गेली नाहीस! बाबा?”

“पहाटेच्या गाडीनं गेले. म्हणले, इथली माणसं चांगली हायेत, राहा तू.” पिंकीनं वर बोट केलं. फ्लेक्स अजून तिथेच होता, हार वाळत चाललेला. “हे तू लावलंस ना?”

“हो,” दिव्या म्हणाली. तिला हसू आवरेना. “कुणाला कळलंही नाही. त्यांच्याच हातांनी लावलं त्यांनी.”

“त्यांनी कुठून आणलं असंल एवढं शहाणपण, हे मला वाचल्याबरोबरच कळलं,” पिंकी म्हणाली. ती हसत नव्हती. “माझा फोटो पण तुझ्याकडनंच गेला. खंडेनवमीचा. तुझ्या बांगड्या वळखते मी. पहिल्याच दिवशी वळखल्या. वाट बघत होते, तू सांगशील म्हणून.”

दिव्या घाईनं म्हणाली, “म्हणून तर हे केलं, पिंकी. तुझ्यासाठी.”

“बाबांना काय बी म्हाईत नव्हतं. त्यांना कधीच कळू द्यायचं नव्हतं मला. तू वीस फुटात लिहून त्यांच्याकडनंच वाचून घेतलंस. आता गावात तेच सगळ्यांना सांगणारेत, कौतुकानं.” तिचा आवाज चढला नव्हता. “त्या पोरांनी माझा फोटो लावला, मला विचारलं नाही. तू माझं नाव लावलंस. तू विचारलंस का?”

“मला वाटलं...”

“त्यांनाबी कायतरी वाटलंच असंल की.”

बस आली. पिंकीनं डबा काखेत धरला. “मी राहिले ती तुझ्यामुळं न्हाय. काल तोंड समद्यांनी पाह्यलं माझं. आता झाकायचं काय राहिलं? आणि टाकीत अजून पाणी नाय. ते ज्याला विचारायचं त्यालाच विचारीन मी, पुन्हा.” ती चढली आणि ड्रायव्हरमागच्या एकट्या सीटवर जाऊन बसली.

दिव्या तिसऱ्या सीटवर बसली, शेजारची जागा रिकामी. टीमची पोरं आता तिला आठवत नव्हती, रणजीतही नाही. तिला आपलंच कोपर आठवत होतं, त्या फोटोच्या कडेला, आणि त्या हिरव्या बांगड्या. चौकात गर्दी होती म्हणून बस कमानीखाली जरा थांबली. खिडकीतून फ्लेक्सची खालची कड अगदी डोळ्यांसमोर आली होती. शुभेच्छुकांच्या रांगेत, त्या सगळ्या पोरांच्या शेजारी, पैठणीतली दिव्या हात जोडून उभी होती, आणि छान हसत होती.